सरपंच-सदस्यांनी मालमत्ता आणि हितसंबंध दरवर्षी जाहीर करावेत, असा ठराव ग्रामसभा करू शकते का?

प्रश्न : निवृत्त शिक्षक, उदगीर तालुका

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील उदगीर तालुक्यात, साधारण तीन हजार वस्तीच्या गावात मी राहतो. ग्रामपंचायतीत माझे कोणतेही पद नाही आणि निवडणूक लढवण्याचा विचारही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असे प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू आमच्याकडे सर्वांत आधी तपासला जातो.

गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एका तरुणाने मोबाईलवर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ उघडले आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या खर्चाची तीन व्हाउचरे मोठ्याने वाचून दाखवली. पहिले पथदिव्यांचे, दुसरे त्या दिव्यांच्या वायर-होल्डरचे, तिसरे पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हचे. तिन्ही एकाच ट्रेडर्सच्या नावाने निघालेली. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "हे दुकान कुठं हाय म्हणायचं?" आणि सभेत हशा पिकला, कारण त्या पत्त्यावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होते. तिथे एका सदस्याच्या मेव्हण्याचे घर आहे, घराला लागून एक शटर आहे आणि शटरच्या आत गेल्या हंगामापासून सोयाबीनची पोती रचलेली आहेत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शांतपणे उत्तर दिले की तीन दरपत्रके मागवली होती, सर्वांत कमी दराचे स्वीकारले, जीएसटीचे बिल जोडलेले आहे आणि मासिक सभेचा ठराव झालेला आहे. कागद खरोखरच पूर्ण होते. नंतर मी ते स्वतः पाहिले. मग सरपंच म्हणाले, "सदस्याच्या मेव्हण्यानं धंदा करू नये, असं कुठं लिहिलंय, गुरुजी?" माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न मला अगदीच गैरही वाटला नाही.

तेव्हापासून जमेल तसे वाचतो आहे. उमेदवारी अर्जासोबत गुन्हे, शिक्षण, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. पण एकदा निवडून आल्यावर पुढची पाच वर्षे त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो तेव्हा आम्हाला १९६७ चे वर्तणूक नियम लागू होते, आणि उदगीरला एक छोटा प्लॉट घेतला त्या वेळी पैसे कुठून आले हे मला कार्यालयाला लेखी कळवावे लागले होते. महिन्याला पगारावर जगणाऱ्या मास्तराला जे लागू, ते लाखोंच्या निधीवर सही करणाऱ्या सरपंचाला लागू का नसावे, हे मला उमगत नाही. आमच्या हद्दीपलीकडे, कर्नाटकात, महानगरपालिकेच्या सदस्यांना पदावर असताना दरवर्षी मालमत्ता जाहीर करावी लागते असे ऐकले आहे.

माझी विचारणा एवढीच की, सरपंच आणि सदस्यांनी दरवर्षी मालमत्ता व हितसंबंध जाहीर करावेत असा ठराव आमची ग्रामसभा करू शकते का, केला तर त्याला काही वजन राहील का, आणि त्यात नेमके काय मागावे.

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, आधी कायदा जिथे स्पष्ट आहे तिथून सुरुवात करतो.

सरपंचांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये आहे. कलम १४, पोटकलम (१), खंड (ग) नुसार पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात ज्या सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध असेल, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. अशाच आशयाच्या तरतुदी जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांच्या १९६१ च्या, नगरपरिषदांच्या १९६५ च्या आणि महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमांत आहेत. अपात्रतेचा वाद निर्माण झाला तर कलम १६ खाली जिल्हाधिकारी निर्णय देतात आणि त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे चालते.

आता उरलेले अर्धे, जे आपल्याला आवडणार नाही. "मेव्हणा" हा शब्द कलमात नाही. नाते असणे आणि हितसंबंध असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच गुलाम यासीन खान यांच्या प्रकरणात सांगितले: नगरपालिकेत नातेवाईक नोकरीला आहे एवढ्यावरून उमेदवाराचा आर्थिक हितसंबंध सिद्ध होत नाही, त्यासाठी आणखी काही पुरावा लागतो. उलट बाजूने लोक गोव्याच्या २०१२ च्या निकालाचा दाखला देतात, ज्यात पंचायतीचे काम पतीने केले म्हणून सदस्य पत्नी अपात्र ठरली. परंतु तो निकाल गोव्यातील पोर्तुगीज नागरी कायद्यावर उभा आहे, ज्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. आपल्याकडे ते गृहीतक नाही. म्हणजे आपल्या गावच्या प्रकरणात त्या ट्रेडर्सच्या नफ्यातला काही भाग सदस्याच्या खिशात जातो हे दाखवावे लागेल, आणि ते दाखवणारा कागद बहुधा कुठेच नसतो. त्यातच खंड (ग) च्या स्पष्टीकरणाने नोंदणीकृत संस्थेतील निव्वळ भाग अपात्रतेतून वगळलेला आहे, त्यामुळे मजूर सहकारी संस्थेच्या नावावर काम घेतले की वाट आणखी रुंद होते.

सरकारी जागेवरील अतिक्रमणामुळे येणाऱ्या अपात्रतेच्या बाबतीत मात्र न्यायालय पुढे गेले. सदस्याने स्वतः अतिक्रमण केले नसेल, कुटुंबाने केले असेल आणि सदस्य त्याच जागेचा उपभोग घेत असेल तर काय, या प्रश्नावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुंद अर्थ घेतला होता. २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात मोठ्या पीठाने तो बाजूला सारला आणि अशा सदस्याला अपात्र ठरवले. कंत्राटांच्या बाबतीत कुटुंबाकडे पाहणारा असा व्यापक दृष्टिकोन अजून खंड (ग) मध्ये शब्दांत उतरलेला नाही, आणि तो उतरवायचा तर विधिमंडळानेच उतरवावा लागेल.

यातून आपल्या पहिल्या विचारणेचे उत्तर मिळते. ग्रामसभा नवी अपात्रता निर्माण करू शकत नाही. "विवरण न दिल्यास सदस्यत्व रद्द समजले जाईल" असे वाक्य ठरावात घातले तर ते वाक्य टिकणार नाही, आणि त्याच्याबरोबर ठरावाची बाकीची अब्रूही जाईल. परंतु सदस्यांनी स्वेच्छेने माहिती द्यावी, ती एका नोंदवहीत ठेवावी आणि ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, अशी शिफारस करणारा ठराव करण्यास कायदा आडवा येत नाही.

कर्नाटकाबद्दल आपण ऐकलेले बरोबर आहे. तिथल्या १९७६ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १९ नुसार नगरसेवकाने मुदत सुरू झाल्यावर एका महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी त्याच महिन्यात स्वतःच्या व कुटुंबीयांच्या मालमत्तेचे विवरण महापौरांकडे द्यायचे असते, आणि न दिल्यास सदस्यत्वावर गदा येते. त्याच राज्यातील म्हैसूरच्या एका नगरसेविकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०२२ च्या त्या निकालात निवडणुकीच्या शपथपत्रातील मालमत्तेची खोटी माहिती हा भ्रष्ट आचार आहे आणि अशी माहिती मागण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाला आहे, असे न्यायालयाने मान्य केले. तेव्हा शपथपत्राला काहीच किंमत नाही, असेही समजू नये.

एक सावधगिरी. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल अमलात आला आहे आणि "वैयक्तिक माहिती" हा नकाराचा आधार पूर्वीपेक्षा खूपच सरळ झाला आहे. व्यापक जनहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण त्यासाठी भांडावे लागते. म्हणून विवरण देतानाच, ते ग्रामसभेत वाचण्यास आणि फलकावर लावण्यास माझी संमती आहे, अशी सदस्याची सही घ्या. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक असले तपशील मुळातच मागू नका.

उत्तर : निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), परभणी

वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी टेबलावरचे सांगतो. एकोणतीस वर्षांत किती दप्तरे तपासली याचा हिशेब नाही, पण एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो की मालमत्तेच्या यादीवर आपण जेवढा जोर देतो, तेवढे काम ती यादी करत नाही.

आपल्या भागात मालमत्ता कशी असते पाहा. जमीन वडिलांच्या नावावर, फेरफार झालेला नाही, तीन भावांत तोंडी वाटणी. तालुक्याच्या गावी घेतलेला प्लॉट गुंठेवारीतला, खरेदीखत नाही, इसार पावती आणि शंभराच्या बाँडवर व्यवहार. ट्रॅक्टर पुतण्याच्या नावावर. घर नमुना आठला आईच्या नावावर. असा माणूस अगदी खरे विवरण देईल तरी त्यात फारसे काही दिसणार नाही. आणि ज्याची जमीन नावावर आहे त्याचा सातबारा तसाही कोणीही ऑनलाइन पाहू शकतो. वर्षाला मालमत्ता किती वाढली हे पाहण्याचा उपयोग आहे, नाही असे नाही. २०१८ मध्ये लोकप्रहरी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या उत्पन्नाचा स्रोतही जाहीर व्हावा असे म्हटले, ते याच वाढीकडे पाहून. पण गावपातळीवर लबाडी मालमत्तेत दिसायला पाच वर्षे लागतात, आणि बिलात ती त्याच दिवशी दिसते.

बिल कसे तयार होते ते सांगतो. साहित्य आधी येते. मग ज्याने दिले तोच आपल्या दरपत्रकासोबत आणखी दोघांची दरपत्रके आणून देतो. मी अशी दरपत्रके पाहिली आहेत ज्यांचे लेटरहेड तीन, पण खाली "आपला विश्वासू" लिहिणारे अक्षर एकच, आणि एकदा तर "व्हॉल्व्ह" या शब्दातली चूकही तिन्हींत तीच. मासिक सभेच्या इतिवृत्तात ठराव शेवटी कोरी जागा ठेवून लिहिलेला असतो. सरपंचाच्या आणि अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीची चावी अनेक ठिकाणी संगणक परिचालकाच्याच ड्रॉवरमध्ये असते, त्यामुळे पैसे कोणाला गेले हे सरपंचांना कधी कधी गावाबरोबरच कळते. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक येते तेव्हा ते कागद पाहते. कागद पूर्ण असतात. मेव्हणा कागदावर नसतो, म्हणून लेखा आक्षेपातही नसतो.

म्हणूनच माझे म्हणणे असे की, गुरुजी, मालमत्तेचे विवरण मागा, पण दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या क्रमांकावर मागायचे ते नाते, आणि तेही वर्षातून एकदा नव्हे, तर खर्चाचा विषय सभेपुढे येईल त्या वेळी. मासिक सभेत ज्या पुरवठादाराचे किंवा ठेकेदाराचे नाव मंजुरीला येते, त्याच्याशी उपस्थित सदस्यांपैकी कोणाचे नाते किंवा देण्याघेण्याचा व्यवहार आहे का, असे सभेच्या अध्यक्षांनी विचारायचे. असल्यास संबंधिताने एका ओळीत लिहून सही करायची, त्या विषयापुरते बाहेर बसायचे आणि इतिवृत्तात तशी नोंद घ्यायची. यात कोणाला धंदा करू नका असे आपण म्हणत नाही. सरपंचांच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे: मेव्हण्याने धंदा जरूर करावा, फक्त तो मेव्हणा आहे हे इतिवृत्तात लिहिलेले असावे.

लिहिले नाही तर काय, हा पुढचा प्रश्न. एकदा सभेत विचारले गेले आणि सदस्याने "नाते नाही" अशी सही केली, की मग ती सही हाच पुरावा होतो. आज आपल्याकडे तेवढाही पुरावा नाही.

उत्तर : माजी सरपंच, अंबाजोगाई तालुका

साहेबांचे म्हणणे पटते, पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही, कारण ती मी भोगली आहे.

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यातले कोणीच विसरणार नाही; त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. आमच्या गावातले सगळे हातपंप कोरडे पडले होते आणि विहीर अधिग्रहणाचा, म्हणजे टंचाईत खासगी विहीर गावाच्या पाण्यासाठी सरकारने ताब्यात घेण्याचा, प्रस्ताव पाठवायचा होता. गावच्या शिवारात पाणी असलेली एकच विहीर होती आणि ती माझ्या चुलत दिराची होती. ग्रामपंचायतीचा ठराव माझ्या सहीने पंचायत समितीकडे गेला, तहसीलमधून आदेश निघाला, विहीर अधिग्रहित झाली आणि नियमाप्रमाणे त्यांना दर दिवसाचा मोबदला सुरू झाला. पावसाळा येण्याआधीच तक्रार झाली: सरपंचबाईंनी पदाचा वापर करून दिराच्या घरात सरकारी पैसा घातला.

तक्रार करणाऱ्यांच्या घरीही त्याच विहिरीचे पाणी जात होते, पण ते असो. दोन वर्षे चौकशी चालली. गटविकास अधिकाऱ्यांकडे खुलासा, मग जिल्हा परिषदेत, मग पुन्हा जबाब. शेवटी काही निघाले नाही. पण तोपर्यंत माझी मुदत संपत आली होती, आणि गावात एका ओट्यावर बसलेल्या चार बायकांपैकी दोघी मला पाहून बोलणे थांबवायच्या, हे मी पाहिले आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, अपात्रतेची कलमे गावात कशी वापरली जातात हे शहरात बसून कळत नाही. शौचालय, थकलेला कर, अतिक्रमण, मुलांची संख्या, ज्या कलमात सापडेल त्यात अर्ज टाकायचा आणि निवडून आलेल्याला तारखांना फिरवत ठेवायचे, हे निवडणुकीत हरलेल्याचे ठरलेले काम असते. आरक्षणातून निवडून आलेल्या बाईवर आणि दलित सदस्यावर हे जास्त चालते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरातला व्यवहार नवरा, दीर, सासरा पाहतात आणि बाईला घरात ट्रॅक्टरवर किती कर्ज आहे हेसुद्धा कोणी सांगत नाही. तिच्याकडून मालमत्तेचे लांबलचक विवरण मागितले तर ते लिहिणार नवरा, सही करणार ती, आणि चूक निघाली तर उभी राहणारही तीच.

एवढे बोलूनही मी विरोधात नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्या वेळी साहेब म्हणतात तशी नोंदवही असती, तर मी ठरावाच्या दिवशीच लिहिले असते की विहीर माझ्या चुलत दिराची आहे, आमचे घर वेगळे आहे, शिवारात दुसऱ्या कोणत्याही विहिरीला पाणी नाही आणि याची पाहणी अमुक तारखेला तलाठ्यांसमोर झाली. मला चार ओळी लिहायला लागल्या असत्या. लपवले असे कोणाला म्हणता आले नसते. माझी विनंती एवढीच की, फॉर्म एका पानाचा ठेवा, प्रत्येक बाईला समजेल अशा शब्दांत ठेवा, आणि राहून गेलेली गोष्ट पंधरा दिवसांत स्वतःहून लिहून दिली तर तिला खोटेपणा समजू नये, असे त्यातच लिहा.

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपल्या प्रकरणात तसे पाहता खंड (ग) लागूच होत नव्हता. अधिग्रहणाचा आदेश महसूल यंत्रणेचा होता आणि मोबदला टंचाईच्या शासकीय निधीतून होता, पंचायतीच्या करारातून नव्हे. परंतु तक्रार करणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज नसते.

आपल्या पंधरा दिवसांच्या सूचनेला न्यायालयाचा आधारही आहे. २०२४ मध्ये करिखो क्री यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू जाहीर केलीच पाहिजे असे नाही. जी वस्तू त्याच्या राहणीमानावर किंवा उमेदवारीवर प्रकाश टाकण्याइतकी मोलाची आहे, तिचे लपवणे गंभीर. गावच्या नोंदवहीतही हीच कसोटी ठेवावी.

मात्र एक गैरसमज आताच दूर करतो. नोंदवहीत लिहून दिले म्हणजे खंड (ग) मधून सुटका झाली, असे होत नाही. सदस्याचा कंत्राटात खराच हिस्सा असेल, तर तो जाहीर करूनही तो अपात्रच राहील. जाहीर करण्याने फायदा होतो तो ज्याचे फक्त नाते आहे आणि हिस्सा नाही, अशा माणसाला, म्हणजे आपल्यासारख्यांना. ज्याचा हिस्सा आहे त्याने कामच घेऊ नये, हे कायद्याचे म्हणणे १९५८ पासून आहे. शिवाय ग्रामपंचायतीचे सदस्य आणि नगरसेवक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात. नगरसेवक हा त्या कायद्याच्या अर्थाने लोकसेवक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा सभेत नाकारलेले आणि पुढे उघडे पडलेले नाते तिथेही बोलू शकते.

उत्तर : वाचक, नांदेड

थोडक्यात लिहितो. तुमच्या गावात निदान मेव्हणा कोण हे सर्वांना माहीत असते. आमच्या महानगरपालिकेत ते कोणालाच माहीत नसते. साफसफाईचा ठेका, टँकर, रस्त्याचे डांबरीकरण, सगळे कंपन्यांच्या नावाने. कंपनीचे संचालक कोण ते शोधायला वेगळे पैसे आणि वेगळी अक्कल लागते. प्रशासकाच्या काळात तर नगरसेवकच नव्हते, तरी कामे त्याच चार जणांना मिळत होती, म्हणजे प्रश्न फक्त निवडून आलेल्यांचा नाही. निविदा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्याच सभेत तोच प्रश्न विचारला जावा. गुरुजींच्या ठरावात ग्रामपंचायत अधिकारी आणि उपअभियंता यांचाही उल्लेख असू द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कालची संध्याकाळ याच मसुद्यावर गेली. सध्याचा मजकूर असा आहे:

"ग्रामसभा अशी शिफारस करते की, मासिक सभेत कोणत्याही खरेदीस, कामास किंवा देयकास मंजुरी देण्यापूर्वी सभेच्या अध्यक्षांनी पुरवठादाराचे अथवा ठेकेदाराचे नाव व पत्ता वाचून दाखवावा, आणि उपस्थित सदस्यांना व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना त्याच्याशी नाते, भागीदारी किंवा उसनवारीचा व्यवहार आहे काय, असे विचारावे. असल्यास संबंधिताने हितसंबंध नोंदवहीत तशी नोंद करून सही करावी व त्या विषयाच्या चर्चेत भाग घेऊ नये. राहून गेलेली नोंद पंधरा दिवसांत करता येईल. तसेच प्रत्येक सदस्याने दरवर्षी एप्रिल महिन्यात स्वतःच्या व कुटुंबाच्या मालमत्तेचे व कर्जाचे एक पानी विवरण स्वेच्छेने व प्रसिद्धीच्या लेखी संमतीसह द्यावे. दोन्ही नोंदवह्या प्रत्येक ग्रामसभेत सभागृहासमोर ठेवाव्यात."

उपअभियंता पंचायतीचा नसल्याने त्यांचे नाव घातले नाही, नांदेडच्या बंधूंनी समजून घ्यावे. आता अडचण "नाते" या एका शब्दावर आहे. पहिल्या मसुद्यात मी पती, पत्नी, मुले, आईवडील, भाऊ, बहीण असे लिहिले होते. रात्री लक्षात आले की या यादीत मेव्हणा नाही, म्हणजे ज्या गोष्टीपासून हे सुरू झाले तीच बाहेर राहिली. आणि सगळी नाती घातली तर आमच्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा पाहुणा आहे. पुरवठादाराचे नाव वाचले की अर्धी सभा बाहेर जाऊन बसेल.

उत्तर : निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), परभणी

गुरुजी, यादी लांब करण्यापेक्षा दोन भागांत करा. पती-पत्नी, मुले, सुना, जावई, आईवडील, सासूसासरे, भाऊ, बहीण, मेव्हणा, मेव्हणी, दीर, नणंद, भावजय, साडू आणि व्याही यांच्यापैकी कोणी असेल, तर नोंद आणि बाहेर बसणे दोन्ही. आजवरच्या अनुभवात बिले ज्यांच्या नावाने निघतात ते शंभरातले नव्वद याच नात्यांत बसतात, आणि साडू व व्याही विसरू नका, कारण आडनाव जुळत नाही म्हणून सर्वांत जास्त वापर त्यांचाच होतो. चुलत, मावस, आते, मामे असे बाकीचे असतील तर फक्त तोंडी सांगायचे आणि अधिकाऱ्यांनी इतिवृत्तात एक ओळ घ्यायची; बाहेर बसण्याची गरज नाही. ताईंच्या चुलत दिरांची विहीर या दुसऱ्या भागात आली असती.

उत्तर : माजी सरपंच, अंबाजोगाई तालुका

चालेल. शिवाय "उसनवारी" हा शब्द ठेवल्याबद्दल धन्यवाद. ज्या सावकाराकडून निवडणुकीला पैसे उचलले त्याच्याच मुलाला पुढे काम मिळते, हे नात्याच्या कोणत्याही यादीत येत नाही.

प्रश्नकर्ता

दोन भागांची यादी मसुद्यात घेतली. विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत यावा असा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दिला आहे आणि पोच घेतली आहे. त्यांनी विचारले, "विषयपत्रिकेत कशाला, ऐनवेळच्या विषयात घेऊ की." मी म्हटले, विषयपत्रिकेतच हवा. हे बरोबर केले ना?

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

अगदी बरोबर. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी ती असते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषय तिथे घेता येत नाही. तुमचा विषय मूळ विषयपत्रिकेत असेल, तर तो तहकूब सभेतही घ्यावाच लागेल. ऐनवेळचा म्हणून ठेवला असता, तर तो टाळायला सभा तहकूब करणे एवढेच पुरले असते. अर्जाची पोच जपून ठेवा, आणि नोटीस निघाली की त्या पानाचा फोटो काढून ठेवा.